विद्यार्थी आणि राजकारण

विद्यार्थ्यांनीं राजकारणांत पडावें कीं नाहीं, हा प्रश्न १९०५ सालीं पुण्यास ऐरणीवर आला. बंगालच्या फाळणीची घोषणा होतांच स्वदेशीची चळवळ उसळली होती. ऑक्टोबरांत पुण्याच्या तरुणांनीं परदेशी कापडाची होळी केली. तींत पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी होते. प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनीं त्यांस दहा रुपये दंड करून वसतिगृहांतून काढलें. टिळकांनीं ‘केसरी’तून या शिक्षेचा कडक समाचार घेतला. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें हें कॉलेज, तिच्या संस्थापकांत स्वतः टिळक होते. म्हणून हा वाद घरांतलाच होता.

त्याच महिन्यांत बंगाल सरकारनें, विद्यार्थी चळवळींत दिसल्यास शाळांचें अनुदान बंद करण्याची धमकी दिली. परिणाम उलट झाला. १९०६ सालीं कलकत्त्यास राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. महाराष्ट्रांत विष्णु गोविंद विजापूरकरांनीं समर्थ विद्यालय काढलें. १९१० सालीं सरकारनें तें बंद पाडलें. पण विद्यार्थ्यांची ओढ बंद पडली नाहीं.

१९८९ सालीं मतदानाचें वय एकवीसावरून अठरावर आलें. कॉलेजांतील मुलेंमुली आतां स्वतःच मतदार आहेत. तरीहि विद्यार्थ्याची शिस्त कोठें संपते आणि नागरिकाचें कर्तव्य कोठें सुरू होतें, हा त्या दहा रुपयांच्या दंडानें उठविलेला प्रश्न अद्यापि मिटलेला नाहीं.