सकार

अंत्रुज महालातील देवालयांत कौल लावण्याची चाल आमच्या वाचकांना नवी नाही. मूर्तीला पाकळ्या लावावयाच्या, गाऱ्हाणे घालावयाचे आणि पाकळी पडण्याची वाट पाहावयाची. सामान्यतः उजवीकडची पडली तर देवाचा होकार समजतात, डावीकडची पडली तर नकार. परंतु एकही पाकळी पडली नाही, तर ‘देव गप्प आहे, अर्थी त्याला मान्य आहे’ असे म्हणून कोणी घरी जात नाही. माणसे बसून राहतात, पुन्हा गाऱ्हाणे घालतात. देवाजवळ आपण इतका विवेक पाळतो. माणसांच्या व्यवहारात मात्र ‘मौन म्हणजे संमती’ ही म्हण आपण सर्रास पुढे करतो. ती म्हण कितपत खरी, हे स्वीकार या कल्पनेचा इतिहास चाळून पाहण्याचा आमचा विचार आहे.

‘कौल’ हा शब्द मुळात अरबी. त्याचा अर्थ वचन. मराठेशाहीत ओसाड पडलेली जमीन पुन्हा लागवडीस आणावयाची झाली, म्हणजे सरकार रयतेस सवलतीच्या साऱ्याचा कौल देई आणि त्याच्या भरवशावर कुळे वस्तीस येत. देवाचा कौल आणि सरकारचा कौल, दोहोंचे मर्म एकच: ज्याच्यावर विसंबावयाचे, त्याने आधी स्पष्ट बोलले पाहिजे. ‘स्वीकार’ हा संस्कृत शब्द याच्या पुढे एक पाऊल टाकतो. जे ‘स्व’ नव्हते ते ‘स्व’ करणे, असा व्याकरणाने त्याचा अर्थ होतो. म्हणजे स्वीकार ही नुसती मान डोलावणे नव्हे. परक्याची वस्तू, परक्याचे ओझे अथवा परक्याचा शब्द आपला करून घेण्याची ती क्रिया आहे.

आमच्या धर्मशास्त्रकारांनी या क्रियेचा विचार दानाच्या प्रकरणात केला. बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण ही एके काळी चालुक्यांची राजधानी होती. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (१०७६ ते ११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. त्याचे म्हणणे असे की, दात्याने आपला हक्क सोडला एवढ्याने दान पुरे होत नाही. घेणाऱ्याचा हक्क उत्पन्न व्हावा लागतो आणि तो त्याच्या स्वीकारानेच होतो. हा स्वीकार त्याने तीन प्रकारचा सांगितला आहे: मानसिक, वाचिक आणि कायिक. मनाने ‘हे माझे’ असे ठरविणे, तोंडाने तसे म्हणणे आणि हाताने वस्तू घेणे. बंगालच्या जीमूतवाहनाचे मत निराळे होते. त्याने दात्याच्या त्यागालाच प्राधान्य दिले. इंग्रजी अमलात १८८२ साली मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या १२२ व्या कलमाने विज्ञानेश्वराच्या बाजूचाच नियम घातला. दाता जिवंत असताना आणि देण्यास समर्थ असताना बक्षीस स्वीकारले गेले पाहिजे. स्वीकारापूर्वी घेणारा वारला तर बक्षीस व्यर्थ.

येथे आमच्या देवस्थानांच्या वाचकांना प्रश्न पडेल की, मग देवाला दिलेले दान कोण स्वीकारतो? हा प्रश्न न्यायालयांनाही पडला होता. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या टागोर घराण्याच्या खटल्यात असा दंडक सांगितला की, हिंदू कायद्याप्रमाणे दान घेणारी व्यक्ती त्या वेळी अस्तित्वात असावी लागते. त्याचा आधार घेऊन पुढे असा वाद निघाला की, आपल्या मृत्यूनंतर मूर्ती स्थापन करावी म्हणून कोणी विश्वस्तांकडे मालमत्ता सोपविली, तर ती देणगी टिकत नाही. कारण स्वीकारणारी मूर्तीच अद्याप नाही. १९०९ साली कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा वाद निकालात काढला. सचेतन व्यक्तीचा स्वीकार पाहिजे हा नियम माणसाला दिलेल्या दानाचा; देवकार्यासाठी केलेल्या समर्पणाला तो लागू नाही, असे पीठाने ठरविले. देवाच्या बाबतीत दात्याचा त्याग पुरेसा आहे. माणसाच्या बाबतीत घेणाऱ्याचे ‘होय’ सुटत नाही.

आता पेढीकडे वळू. आमच्या सावकारीत स्वीकारासाठी स्वतंत्र मराठी क्रियापद होते: ‘सकारणे’. एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या सावकारावर हुंडी लिहावी, यात्रेकरूने अथवा व्यापाऱ्याने ती बरोबर न्यावी, आणि तेथील पेढीने ती सकारून पैसे द्यावेत, अशी ही व्यवस्था. वाटेत रोकड लुटली जाण्याचे भय त्यामुळे टळे आणि पेढीला हुंडणावळ मिळे. हुंडी दर्शनी असली तर दाखविताच पैसे. मुदती असली तर ती आधी सकारून घ्यावयाची आणि मुदत भरल्यावर वसूल करावयाची. पैसे चुकते होऊन निकालात निघालेल्या हुंडीला ‘खोका’ म्हणत.

यातील मर्म भाविकांच्या एका कथेत आले आहे. जुनागडच्या नरसी मेहत्याकडे द्वारकेचे यात्रेकरू आले आणि सातशे रुपये देऊन हुंडी मागू लागले. नरसीची पेढी कोठेच नव्हती. त्याने द्वारकेच्या शामळशा शेठवर, म्हणजे प्रत्यक्ष श्रीकृष्णावर, हुंडी लिहून दिली. आणि कथेप्रमाणे देवाने शेठजीच्या रूपात येऊन ती सकारली. बडोद्याकडील आमच्या वाचकांनी ही कथा लहानपणापासून ऐकली असेल. वकिलाच्या दृष्टीने पाहता तिच्यातील नवल पैसे मिळाले याहून निराळे आहे. ज्याच्यावर हुंडी लिहिली जाते, तो केवळ लिहिल्याने बांधला जात नाही. नरसीच्या अक्षराने शामळशा ऋणी झाला नव्हता. ‘ही माझी’ असे त्याने म्हटले, तेव्हा झाला. कथेतील देवाची थोरवी त्या स्वेच्छेत आहे.

१८८१ च्या पराक्राम्य लेखांच्या कायद्याने आपल्या भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. परंतु त्याने घालून दिलेला नियम जुन्या पेढीवाल्यांनाही पटला असता. बिल सकारले जाईपर्यंत लिहिणारा स्वतः जबाबदार असतो. सकारताच पाने उलटतात: सकारणारा मुख्य ऋणको होतो आणि लिहिणारा त्याचा जामीनदार. विचार करण्यास सकारणाऱ्याने मागितल्यास ४८ तास, सार्वजनिक सुट्टी वगळून, मिळतात. बिल रीतसर पुढे केल्यावर त्याने सकारले नाही, तर ते नकारले गेले असे कायदा धरतो. बाजारात मौनाचा अर्थ संमती नव्हे, नकार आहे.

कराराच्या कायद्याचेही तेच. १८६२ साली इंग्लंडातील एका काकाने पुतण्याला लिहिले की, तुझ्याकडून काही कळले नाही तर घोडा माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. न्यायालयाने सांगितले, करार झालाच नाही. दुसऱ्याच्या गप्प बसण्यावर आपण अटी लादू शकत नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्यानेही स्वीकार निरपवाद असावा आणि तो व्यक्त व्हावा असे म्हटले आहे. तो केव्हा व कोठे पुरा होतो, हा प्रश्न विदर्भातील खामगावच्या एका व्यवहारात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने १९५९ च्या जुलैमध्ये टेलिफोनवर सरकीच्या पेंडीची मागणी केली आणि खामगावच्या गिरणीने टेलिफोनवरच ती मान्य केली. माल न मिळाल्यामुळे अहमदाबादेस ३१,१५० रुपयांचा दावा झाला. करार झाला कोठे? जेथून ‘होय’ म्हटले तेथे, की जेथे ते ऐकले गेले तेथे? ३० ऑगस्ट १९६५ रोजी बहुमताने निर्णय झाला की, जेथे ऐकले गेले तेथे, म्हणजे अहमदाबादेस. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्न मत नोंदविले. मतभेद स्थळाविषयी होता. ‘होय’ हा शब्द उच्चारला गेला पाहिजे, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते.

हा सगळा इतिहास सांगण्याचे कारण पेढीतले नाही, घरातले आहे. वडील वारल्यावर भावंडे बसतात, जमिनीची गोष्ट निघते, आणि माहेरी आलेली बहीण काही बोलत नाही. मग ‘तिची ना नाही’ असे ठरवून कागद तयार होतो. वकिली करताना असे कागद आम्ही पाहिले आहेत. सही कोठे करावयाची एवढेच तिला दाखविलेले असते. आजकाल मोबाइलवर ‘मान्य आहे’ हे बटन न वाचता दाबण्याची सवय आपणा सर्वांना जडली आहे. पण तेथे बोट निदान आपले स्वतःचे असते.

गोव्यात १८७० पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने वारस हा स्वीकार करणारा मानला. त्याने वारसा घ्यावा, यादी करवून तिच्या मर्यादेपुरताच घ्यावा, अथवा सोडावा. २०१२ साली केलेल्या आणि २०१६ पासून अमलात आलेल्या गोव्याच्या वारसा कायद्यानेही स्वीकार आणि त्याग ही दोन्ही दारे ठेवली आहेत. त्यातील भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे: स्वीकार वारसाच्या कृतीवरून ताडता येतो, त्याग मात्र स्पष्ट आणि लेखी असावा लागतो, आणि जिवंत माणसाच्या वारशाचा त्याग आधीच करून घेता येत नाही. बेळगाव, इंदूर वा बडोद्याच्या हिंदू कुटुंबांत १९५६ चा कायदा चालतो; २००५ च्या दुरुस्तीने तेथे एकत्र कुटुंबातील मुलीला जन्मतः मुलासारखाच हक्क मिळाला. स्थावरातील तो हक्क सोडावयाचा तर रीतसर नोंदलेला दस्त लागतो. तिच्या गप्प बसण्याने तो सुटत नाही.

बहिणीने आपल्या खुशीने भावाला वाटा दिला, तर त्यात दानाचे पुण्य आहे. परंतु दान व्हावयास आधी ती वस्तू तिची झाली पाहिजे, आणि तिची आहे हे तिला कळले पाहिजे. कागद तिच्या पुढे ठेवण्यापूर्वी तो तिला वाचून दाखवावा, तिला विचार करावयास चार दिवस द्यावेत आणि तिच्या तोंडून उत्तर ऐकावे. पेढीवाल्याने हुंडीसाठी जितके थांबावे, देवळात आपण पाकळीसाठी जितके थांबतो, तितके तरी आपल्या बहिणीसाठी थांबावयास हरकत नसावी.