बेडी घातली? कारण दाखवा!
परवा कोर्टाच्या आवारात बेडी घातलेला एक पोरगा तोंड लपवत चालला होता. बघे मोबाईल काढून उभे. मला तिहार जेलमधून गेलेली एक तार आठवली.

कोर्टात नेताना बेड्या घालतात, म्हणून प्रेमशंकर शुक्ला या कच्च्या कैद्यानं थेट सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना तार केली होती. तेव्हाच्या पंजाब पोलीस नियमांत शिकलेल्या, पैसेवाल्या कैद्याला सूट. गरिबाला मात्र बेडी! १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठानं हा भेद मोडला. पळून जाण्याचा खरा धोका असेल तरच बेडी, आणि कारण लेखी नोंदवायचं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३(३) सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, दहशतवाद अशा ठरावीक प्रकरणांत बेडीची मुभा देतं. सरसकट नाही!

म्हणून मंडळी, आपल्या माणसाला बेडी दिसली तर कारण विचारा, मॅजिस्ट्रेटसमोर सांगा. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे.