ईलिंगची ३६ इंची दुर्बीण : एका हौशी खगोलनिरीक्षकाचे कार्य

मोठ्या परावर्ती दुर्बिणींचा इतिहास सांगताना बहुधा आरशाचा व्यास सांगितला जातो. तो आरसा ताऱ्यामागे फिरवणाऱ्या यंत्राचा उल्लेख क्वचितच होतो. अँड्र्यू एन्स्ली कॉमन (१८४१–१९०३) यांच्या कार्याकडे पाहिले असता ही पद्धत अपुरी वाटते. कॉमन व्यवसायाने आरोग्य-अभियंता होते. वेधशाळेची नोकरी नाही, विद्यापीठाचे पद नाही. लंडनजवळील ईलिंग येथे आपल्या घरी त्यांनी १८७९ मध्ये ३६ इंच व्यासाची दुर्बीण उभी केली. चांदीचा मुलामा दिलेला काचेचा आरसा जॉर्ज कॅल्व्हर यांनी तयार केला होता; बैठक मात्र कॉमन यांनी स्वतः आखली.

खरी अडचण बैठकीचीच होती. आकाश आपल्या अक्षाभोवती दर मिनिटाला पाव अंश फिरते. नुसत्या डोळ्याने पाहणाऱ्याचे नळी हाताने ढकलून भागते, छायाचित्राचे भागत नाही. या दुर्बिणीचे नाभीय अंतर साडेसतरा फूट होते. म्हणजे दिशेत एका विकलेची चूक झाली, तर काचेच्या पाटीवर ताऱ्याचा ठिपका सुमारे ०.०२६ मिलिमीटर सरकणार. चार विकलांची झाली, तर ठिपक्याऐवजी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी रेघ उमटणार. (वर्गात हे गणित फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे.) एवढे अवजड धूड घड्याळी यंत्राला सहज फिरवता यावे म्हणून कॉमन यांनी ध्रुवीय अक्षाचा बराचसा भार पाऱ्यावर तरंगता ठेवला. तरीही १८८० मधील मृगातील तेजोमेघाच्या छायाचित्रांचे प्रयत्न फसले आणि चालकयंत्रात सुधारणा करावी लागली.

३० जानेवारी १८८३ रोजी त्यांनी याच तेजोमेघावर ३७ मिनिटे पाटी उघडी ठेवली. तेवढ्या वेळात आकाश सव्वानऊ अंश फिरले होते. अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी मार्च १८८२ मध्ये ११ इंची भिंगाने हेच चित्र घेतले, तेव्हा १३७ मिनिटे लागली होती. कॉमन यांच्या पाटीवर डोळ्याला न दिसणारे तारेही उमटले. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८८४ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले.

पुढे त्यांनी ६० इंची दुर्बीण बांधली. तिचा अक्ष पाण्यावर तरंगत असे. आकार वाढला, पण यश त्या प्रमाणात आले नाही. येथे अभियंत्याच्या हौसेने निरीक्षकावर मात केली असावी.

३६ इंची दुर्बीण १८८५ मध्ये हॅलिफॅक्सचे गालिचा-उत्पादक एडवर्ड क्रॉसली यांनी विकत घेतली. तेथील हवा वेधांना मानवेना, तेव्हा १८९५ मध्ये त्यांनी ती कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेला देऊन टाकली. तेथे जेम्स कीलर यांना प्रथम बैठकच दुरुस्त करावी लागली. त्यानंतर १९०० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी घेतलेल्या छायाचित्रांत सर्पिल तेजोमेघ इतक्या मोठ्या संख्येने आढळले, की या आरशाच्या आवाक्यात असे एक लाखाहून अधिक तेजोमेघ असावेत, असा अंदाज त्यांनी मांडला.