गाडीच्या काचेवर पाणी उडत नाही? वॉशर पंप घरीच असा तपासा आणि बदला

पावसाळ्यात हायवेवर पुढच्या ट्रकने चिखल उडवला आणि वॉशरचं पाणी आलंच नाही, तर वायपर तो चिखल काचभर फासतो. काही सेकंद समोरचं नीट दिसतच नाही. म्हणून हे काम पुढे ढकलू नका. माझ्या जुन्या हॅचबॅकचा पंप मी सोसायटीच्या पार्किंगमध्येच बदलला. पण नवा पंप आणायच्या आधी जुना खरंच गेलाय का, ते बघू या.

पंप काम कसं करतो?

लिव्हर ओढला की टाकीच्या तळाजवळची १२ व्होल्टची छोटी मोटर फिरते आणि पाणी नळीतून नोझलकडे ढकलते. बहुतेक गाड्यांत हा पंप टाकीच्या भोकातल्या रबरी ग्रोमेटमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो.

आधी हे तपासा

इंजिन बंद, इग्निशन ऑन. मित्राला लिव्हर ओढायला सांगा आणि टाकीजवळ कान द्या.

१. घुर्रर्र आवाज येतो, पण पाणी नाही: मोटर फिरतेय. टाकीत पाणी आहे का बघा. नोझलजवळची नळी काढा. नळीतून पाणी आलं तर नोझल तुंबलंय, बारीक सुईने साफ करा. नाही आलं तर नळी कुठे फाटली, निसटली किंवा तुंबली आहे का ते शोधा.

२. आवाजच नाही: फ्यूज बघा. मग पंपाचा कनेक्टर काढून त्याच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावा, डीसी २० व्होल्टच्या सेटिंगवर. लिव्हर ओढल्यावर साधारण १२ व्होल्ट दिसले, तरी पंप गप्प असेल, तर पंप गेला. व्होल्टेजच नसेल तर दोष फ्यूज, स्विच किंवा वायरिंगमध्ये आहे. अशा वेळी नवा पंप घेऊन पैसे वाया जातील.

पंप कसा बदलायचा?

१. इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

२. टाकी शोधा. काही गाड्यांत बॉनेट उघडल्यावर पंप समोरच दिसतो. काहींत तो पुढच्या चाकावरच्या प्लास्टिक लायनरमागे असतो. तिथे स्टिअरिंग पूर्ण वळवलं की हात घालायला जागा होते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र अजिबात जाऊ नका.

३. मोबाइलने कनेक्टर आणि नळीचे फोटो काढा. मागच्या काचेलाही वॉशर असेल, तर पंपाला बऱ्याचदा दोन नळ्या असतात. त्यांची अदलाबदल झाली, तर पाणी भलत्याच काचेवर उडेल. एका नळीला टेप लावून ठेवा.

४. खाली बादली ठेवा. पंप निघाला की टाकीतलं पाणी भसकन बाहेर येतं.

५. कनेक्टर आणि नळी काढा, पंप हलवत हलवत बाहेर ओढा. जुनी नळी कडक झाली असेल तर जोर लावू नका, आधी कोमट पाण्याने मऊ करा.

६. जुना पंप सोबत घेऊनच दुकानात जा. पिन, नळीचं तोंड, ग्रोमेटचा आकार, सगळं जुळलं पाहिजे. ग्रोमेट नवंच घ्या. जुनं कडक झालेलं असलं की गळती तिथूनच होते.

७. भोकाभोवतीचा गाळ पुसा, नवं ग्रोमेट ओलं करून बसवा आणि पंप सरळ दाबा. फोटो बघून नळी आणि कनेक्टर जोडा. टाकी भरा, गळत नाही ना बघा, मगच बॅटरी जोडून लिव्हर ओढा.

पंप टिकवायचा असेल तर

टाकी रिकामी असताना लिव्हर ओढत राहू नका. पाण्याविना फिरून मोटर लवकर जळते. बोअरचं क्षाराचं पाणी टाळा, नोझलमध्ये पांढरा थर बसतो. मी गाळलेल्या स्वच्छ पाण्यात थोडं वॉशर लिक्विड टाकतो. आणि हो, जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा लिव्हर ओढून बघाच!