पांढरीतले घर आणि राज्याची नियमावली

२ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्राच्या नगरविकास विभागाने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. बृहन्मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता जवळपास सगळे राज्य एकाच बांधकाम नियमावलीखाली आले. पुण्याचा टॉवर आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावातले दोन खोल्यांचे घर यांची मोजमापे आता त्याच पुस्तकात शोधायची.

त्याआधी खेड्यात घर कसे बांधायचे, हे ठरत होतेच. फक्त ते कोणी लिहून ठेवले नव्हते. गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जाई: पिकाची काळी आणि वस्तीची पांढरी. घरे पांढरीत उभी राहत. तापीकाठच्या सपाटीवर धाब्याची घरे असत. लाकडी तुळयांवर किलचन, त्यावर मातीचा जाड थर आणि पावसाळ्याआधी त्यावर नवी खारी माती. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा कुटुंबांची घरे निराळी: लाकडी खांब, बांबूचे कूड, त्यावर शेणमातीचा लेप. तिथे घरे एकमेकांना चिकटून नसतात, ज्याच्या त्याच्या शेताजवळ, पाड्यापाड्याने विखुरलेली असतात. समोरासमोरच्या घरांतले अंतर नियमाने नव्हे, जमिनीच्या चढउताराने ठरे.

लेखी कायदा आधी शहरात आला. नगरपालिकांसाठीच्या १८५०च्या सव्विसाव्या कायद्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती: शहरातल्या रहिवाशांची इच्छा असेल तरच तो तिथे लागू व्हायचा. म्हणजे नगरपालिका हवी की नको, हा प्रश्न निदान कागदावर तरी लोकांना विचारला जात होता. १९०१च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यापर्यंत नवे घर बांधण्याआधी नगरपालिकेला कळवणे बंधनकारक झाले होते. १९१५मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा आला. खेडी मात्र यातून बाहेरच राहिली.

खेड्याच्या वाट्याला खरा अधिकार आला तो १९५८च्या ग्रामपंचायत कायद्याने. त्याच्या कलम ५२ने गावठाणात बांधकाम करायचे तर पंचायतीची पूर्वपरवानगी घ्यावी, असे सांगितले. परवानगी देणारा सरपंच त्याच गल्लीत राहणारा. ओटा रस्त्यावर किती आला, शेजाऱ्याच्या भिंतीवर पाणी पडेल का, बैलगाडी वळेल का, हे त्याला नकाशाशिवाय दिसत होते. यात वशिला आणि भाऊबंदकी होतीच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तक्रार करायला लांब जावे लागत नव्हते.

१९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने वारे फिरले. प्रादेशिक योजना आल्या आणि गावांच्या जमिनीवरही नियोजनाची रेघ पडली. १९७०मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता आली, पण ती शिफारशीपुरती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली आणि खेड्यातले घरही सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे राज्याला नाकारता येईना. नर्मदा-तापीच्या भूकंपप्रवण पट्ट्यातल्या नंदुरबारलाही हा धडा लागू आहे.

म्हणून राज्यभर एक नियम असावा, ही मागणी चुकीची नाही. २०१३मध्ये नगरपालिका आणि नगरपंचायतींसाठी प्रमाणित नियम झाले, मग मार्च २०१९मध्ये एकत्रित नियमावलीचा मसुदा आला. अंतिम नियमावली लागू करताना १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामाला परवानगीच्या फेऱ्यांतून मोकळे केल्याचे आणि १५० ते ३०० चौरस मीटरसाठी दहा दिवसांची मुदत दिल्याचे शासनाने सांगितले. छोट्या घराला ही सवलत मोलाची आहे.

खटकते ते वेगळेच: गावाला विचारले का? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात २००४पासून राज्याची एकसमान बांधकाम संहिता आहे. तिची अंमलबजावणी स्वतः करायची की नाही, हे तिथली गावे ठरावाने ठरवतात, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक गावांनी ती जबाबदारी घेतली. महाराष्ट्रात असा ठराव कोणाकडे मागितला गेला नाही. राज्याने १९६६च्या कायद्यातील अधिकार वापरून नियमावली लागू केली. हरकती-सूचना मागवल्या हे खरे, पण सातपुड्यातल्या पाड्यापर्यंत ती सूचना किती पोचणार?

आणि नंदुरबारमध्ये तर विचारण्याची रीत कायद्यातच आहे. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्र आहे. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा १९९६चा पेसा कायदा आणि त्याखालचे महाराष्ट्राचे २०१४चे नियम ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीबद्दल आणि प्रथांबद्दल बोलण्याचा अधिकार देतात. घर कसे बांधावे, ही प्रथाच आहे.

दरम्यान गावात प्रत्यक्ष मोजमाप ठरवते आहे घरकुल योजना. २०१६मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, असा आकडा आहे. त्या मापात सिमेंट-विटांची घरे उभी राहिली. कूड आणि धाब्याची घरे बांधणारे हात कमी होत चालले आहेत. घराच्या मालकीचा कागद म्हणून बहुतेकांकडे ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उताराच होता. २०२०च्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली, त्यातून मालमत्ता पत्रके तयार होतात. आता ग्रामसभेसमोर त्याच पत्रकांबरोबर नियमावलीही वाचली जायला हवी, कोणते कलम मातीच्या घराला सामावून घेते आणि कोणते घेत नाही, याची नोंद इतिवृत्तात व्हायला हवी, आणि तो ठराव सहसंचालक, नगररचना यांच्याकडे बदलाची मागणी म्हणून जायला हवा.