अकरा लाईक, सुमोचा तक्ता आणि आजीच्या कुरडया



पोस्ट लांब आहे. मुलं झोपल्यावर, चहा घेऊन वाचा.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीने आजीचा व्हिडिओ इन्स्टावरून काढून टाकला. सासूबाई सांगलीत गच्चीवर कुरडया घालताना चीक कसा घोटायचा ते सांगत होत्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा लेकीनेच हौसेने काढलेला. काढून का टाकला? अकरा लाईक आले म्हणून. चौदा वर्षांची आहे, इथल्या चुगाक्कोत दुसऱ्या वर्षाला. म्हणाली, "फ्लॉप गेला गं आई, प्रोफाईलवर बरं नाही दिसत." दोन दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. शेजारच्या वहिनींना दाखवायचा होता, सापडेना. मग जरा थांबून विचारलं, "माझं काही चुकलं का गं बोलताना?"

त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. मी सीए. वीस वर्षं लोकांचे हिशेब तपासतेय. कुणी आकडा समोर ठेवला की आधी विचारायचं, हा आला कुठून, कोणत्या पद्धतीने काढला, आणि पद्धत मध्येच बदलली का. आणि माझ्याच घरात एक आकडा आला, त्यावर निकालही लागला, आणि तपासणी कुणीच केली नाही. आपल्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, "रीच कसा वाढवायचा?" कुणाचा डब्याचा व्यवसाय असतो, कुणाचा मराठी वर्ग, कुणाच्या मुलीचं नृत्य. म्हणून म्हटलं, आपण राहतो त्या जपानातूनच सुरुवात करू. वर कोण आणि खाली कोण हे ठरवण्याचा नाद इथे फार जुना आहे.

सुमोचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. त्याला बान्झुके म्हणतात. प्रत्येक स्पर्धेआधी निघतो, एकाच कागदावर सगळे मल्ल, पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू. सगळ्यात वरची नावं जाड, ठसठशीत; खाली येता येता अक्षरं इतकी बारीक होतात की शेवटच्या ओळीला गमतीने 'भिंग' म्हणतात, म्हणजे वाचायला भिंगच लागतं. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हा उभा तक्ता 1757 पासून छापला जातोय. माणसाची जागा त्याच्या अक्षराच्या आकारावरून कळायची. आपल्या फीडमध्येही तेच चालतं, फक्त तिथे अक्षर बारीक होत नाही, पोस्टच दिसेनाशी होते.

लोकांना हा तक्ता इतका आवडला की मग कशाचेही तक्ते निघू लागले. गरम पाण्याच्या झऱ्यांचा तक्ता निघाला. त्यात पूर्वेला पहिला कुसात्सु, पश्चिमेला पहिला आरिमा. (तेव्हा ओझेकी हीच तक्त्यावरची सर्वोच्च पायरी; योकोझुना हा शब्द तक्त्यावर आला 1890 मध्ये.) काटकसरीच्या रोजच्या जेवणाचाही तक्ता आहे, त्यात भाज्यांच्या बाजूला टोफूचा एक साधा पदार्थ पहिला आणि माशांच्या बाजूला वाळवलेली सार्डिन. रेस्टॉरंटं, विद्वान, दुकानं, काही सोडलं नाही.

मला या तक्त्यांमधली सगळ्यात मजेशीर जागा म्हणजे मधला उभा रकाना. सुमोच्या तक्त्यात तिथे पंच आणि आयोजक यांची नावं असतात. बाकीच्या तक्त्यांत छापणाऱ्याने तिथे अशा गोष्टी टाकल्या ज्यांना क्रमांक देणं अडचणीचं होतं. झऱ्यांच्या तक्त्यात अतामी तिथे पंच म्हणून बसलेला दिसतो. अतामीचं पाणी शोगुनसाठी एदोच्या किल्ल्यापर्यंत वाहून नेलं जायचं. आता शोगुनच्या पाण्याला कुसात्सुच्या खाली दुसरा क्रमांक कोण देणार? हा माझा तर्क आहे हं, पण ज्याने क्लायंटच्या मालकाच्या मेव्हण्याचं बिल तपासलंय त्याला पटेल.

जाहिरातही तेव्हापासूनच आहे. 1683 मध्ये एचिगोया या कापडाच्या दुकानाने, म्हणजे आजच्या मित्सुकोशीच्या पूर्वजाने, एदोत पत्रकं वाटली: रोख द्या, घासाघीस नाही, एकच भाव. 1769 मध्ये हिरागा गेन्नाई या हरहुन्नरी लेखकाने दंतमंजनाच्या जाहिरातीचा मजकूर लिहून दिला. पुढे शिकितेई सान्बा हा विनोदी लेखक स्वतःच्या दुकानात 'एदो नो मिझु' नावाचं सौंदर्यप्रसाधन विकायचा आणि स्वतःच्या पुस्तकातल्या पात्रांच्या तोंडून त्याची वाखाणणी करवायचा. इन्फ्लुएन्सर हा शब्द नवा आहे, धंदा नाही. फरक एवढाच की एदोतला वाचक तक्ता हातात धरून दुकानदाराशी वाद घालू शकत होता. सगळ्यांच्या हातातला कागद एकच होता.

आता आपल्या काळात येऊ. 2004 च्या जानेवारीत ऑर्कुट आलं आणि त्याच सुमारास जपानात मिक्सी. आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्यांना ऑर्कुटचे स्क्रॅप आठवत असतील. मिक्सीवर लोक डायरी लिहायचे आणि तुमच्या पानावर कोण येऊन गेलं ते 'आशिआतो', म्हणजे पाऊलखुणांमध्ये दिसायचं. तेव्हा जो शेवटी लिहील तो वर, असा सरळ हिशेब होता. रोजकीर्दीसारखा, तारखेनुसार.

मग फेसबुकने रोजकीर्दीऐवजी वजनं लावायला सुरुवात केली. 2010 मध्ये त्यांनी आपली पद्धत जाहीरपणे समजावून सांगितली, तिला एजरँक म्हणत. तीन गोष्टींचा गुणाकार: तुमची त्या माणसाशी जवळीक किती, त्या कृतीचं वजन किती (नुसता लाईक की मोठी कमेंट), आणि पोस्ट किती शिळी. तिसरं वाचून मला हसू आलं. हा तर चक्क घसारा! यंत्रावर वर्षाला लावतो, इथे तासाला. आजची गणितं यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहेत, पण हाडं तीच आहेत.

2011 च्या 11 मार्चला मी टोकियोतच होते. लेक अजून झालेली नव्हती. फोन लागत नव्हते. पण ट्विटर चालू होतं, आणि ते तेव्हा वेळेनुसार दिसायचं. दहा मिनिटांपूर्वीचं खाली, आत्ताचं वर. कुठली रेल्वे सुरू झाली, कुठली शाळा रात्रभर उघडी आहे, ते तसंच कळत गेलं. 2016 मध्ये ट्विटरनेही 'तुम्हाला आवडेल ते आधी' ही पद्धत आणली. 2023 मध्ये कंपनीने, म्हणजे तोवर झालेल्या एक्सने, जास्त लोकांनी पाहिलेल्या पोस्टींखालच्या जाहिरातींचे पैसे लिहिणाऱ्यांना वाटायला सुरुवात केली. मग 1 जानेवारी 2024 ला, नवीन वर्षाच्या दिवशी दुपारी, नोटो द्वीपकल्पात 7.6 चा भूकंप झाला. तुम्हाला आठवत असेल, आपण सगळे एकमेकांना 'ठीक आहात ना' विचारत होतो. त्या दिवशी 'ढिगाऱ्याखाली अडकलोय, वाचवा' अशा खोट्या पोस्ट पत्त्यांसकट फिरत होत्या. दुसऱ्यांच्या खऱ्या पोस्टींची नक्कल करून खाली चिकटवणाऱ्या खात्यांना इथे 'इम्प्रे-झोंबी' म्हणतात, इम्प्रेशनसाठी भटकणारी भुतं. अशाच एका खोट्या हाकेमुळे पोलिसांना शोध घ्यावा लागला आणि पुढे जुलैत एका तरुणाला अटक झाली. वेळेचा क्रम असता तर खोटं बोलणारे नसते असं मी म्हणत नाही. पण 2011 ला खोटं बोलून पैसे मिळत नव्हते.

आता माझ्या आवडीचं प्रकरण. जेवायला जायच्या आधी आपण सगळे ताबेलॉग उघडतो, बरोबर? 2005 पासून आहे, काकाकु डॉट कॉम ही कंपनी चालवते. पाचपैकी गुण असतात, पण ती सरासरी नाही. कोण गुण देतंय त्यानुसार वजन बदलतं. मे 2019 मध्ये त्यांनी आतलं गणित बदललं आणि साखळी हॉटेलांचे गुण घसरले. हानर्यूमुरा ही कोरियन बार्बेक्यूची हॉटेलं चालवणारी कंपनी 2020 मध्ये कोर्टात गेली: आमचं जेवण तेच, आचारी तेच, आदल्या आणि दुसऱ्या दिवसात फक्त तुमचं सूत्र बदललं, आणि गिऱ्हाईक तुटलं.

16 जून 2022 ला टोकियो जिल्हा न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. आधी अंदाजही करता येणार नाही असा हा बदल वरचढ स्थितीचा गैरवापर आहे, म्हणून 3 कोटी 84 लाख येनची भरपाई द्या. मागितले होते जवळपास 64 कोटी, तरी निकाल गाजला. 19 जानेवारी 2024 ला उच्च न्यायालयाने तो फिरवला. गुण ग्राहकांच्या प्रत्यक्ष अनुभवाशी जुळावेत यासाठी केलेला बदल वाजवी होता, गैरवापर नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

दोन्ही निकाल वाचताना (भाषांतर करत, नवऱ्याचं डोकं खात) मला एकच गोष्ट खटकत राहिली. आपल्याकडे कंपनीने हिशेबाचं धोरण बदललं, तर टिपांमध्ये लिहावं लागतं: काय बदललं, आणि त्याचा नफ्यावर किती परिणाम झाला. नाही लिहिलं तर माझ्यासारखी बाई सही करत नाही. इथे धोरण बदललं, हॉटेलांचा 'नफा' बदलला, आणि टीप कुठेच नाही. जपानने 2021 पासून एक कायदा लागू केलाय ज्यात ठरावीक मोठ्या ऑनलाईन बाजारांना आणि ॲप-दुकानांना क्रम ठरवण्याचे मुख्य घटक सांगावे लागतात. पण तो सगळ्यांना लागू नाही.

एकदा मात्र टीप उघडी पडली. मार्च 2023 मध्ये ट्विटरने आपल्या शिफारस-यंत्रणेचा बराचसा कोड जाहीर केला. त्यात वजनं होती. हे त्या वेळचे आकडे: लाईकला 0.5, रिट्विटला 1, उत्तराला 13.5. आणि कुणी उत्तर दिलं व मूळ लिहिणाऱ्याने त्याची दखल घेतली, तर 75. तक्रारीला उणे 369. हे आकडे तुम्ही प्रत्यक्ष केलेल्या कृतीवर लागत नव्हते. 'ही बाई असं करण्याची शक्यता किती' या यंत्राच्या अंदाजाला त्यांनी गुणलं जायचं. तरी प्रमाण बघा. शक्यता सारखी धरली तर एका संवादाचं वजन दीडशे लाईकांइतकं.

तेव्हा रीचबद्दल विचारणाऱ्यांनो, माझं उत्तर याच आकड्यातून येतं. पोस्ट टाकून झोपायला जाऊ नका. पहिल्या तासात जो विचारेल त्याला नुसता नमस्काराचा इमोजी नको, वाक्य लिहा. घरी कुणासाठी टाकताय ते ठरवा: इथले रात्रीचे नऊ म्हणजे सांगलीत साडेपाच, चहाची वेळ. इथले सकाळचे सात म्हणजे तिथे पहाटेचे साडेतीन, आणि तुमच्या पोस्टला घसारा लागायला सुरुवातही झाली. मुद्दाम भांडण लावून कमेंटी गोळा करणारेही आहेत, आपल्याच मंडळात आहेत, नाव घेत नाही.

आणि डबेवाल्या ताई, क्लासवाले दादा, तुमच्यासाठी एक व्यावसायिक इशारा. 1 ऑक्टोबर 2023 पासून इथे लपवलेली जाहिरात बेकायदा आहे. 'पाच तारे द्या, पुढच्या डब्यावर सूट घ्या' हे गंमत म्हणूनही करू नका. कारवाई लिहिणाऱ्यावर नाही, लिहून घेणाऱ्या व्यावसायिकावर होते. या नियमाखालची पहिली कारवाई, जून 2024 मध्ये, टोकियोतल्या एका दवाखान्यावर झाली. फ्लूच्या लसीवर सवलत देऊन चांगले तारे घेतले होते.

हे सगळं मी लेकीला एका रविवारी सांगितलं. खरं तर निम्मंच ऐकलं तिने. पण 0.5 आणि 75 वर ती थांबली. व्हिडिओ काढून घेऊन बघितला. अकरा लाईक होते, आणि खाली चार प्रश्न: चीक किती दिवसांचा, गहू कुठला, इथल्या दमट हवेत वाळतील का. एकालाही तिने उत्तर दिलेलं नव्हतं. प्रश्न विचारणाऱ्यांत एक नागोयाची काकू होती आणि एक तिच्याच वर्गातली जपानी मुलगी, भाषांतर लावून विचारणारी.

व्हिडिओ परत टाकलाय. उत्तरं आजीला फोनवर विचारून लिहिली. लाईक किती आले ते मी विचारलेलं नाही.

मधला रकाना मात्र तिला फार आवडला. या दिवाळीसाठी तिने फराळाचा बान्झुके काढलाय, जाड ब्रशने, मोठ्या कागदावर. पूर्वेचा ओझेकी चकली, पश्चिमेचा करंजी, अनारसे तिसऱ्या ओळीत, आणि माझे शंकरपाळे अगदी खाली, भिंगाच्या ओळीत. मध्ये पंचांच्या जागी 'आजीच्या कुरडया'. फोटो सांगलीला पाठवला. सासूबाईंनी मोठा करून नीट वाचला आणि लगेच फोन केला, "कुरडया फराळात कुठे असतात गं? आणि असल्याच, तर पूर्वेला का नाहीत?"