तोळाभर पक्ष्याची फितुरी

नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २६ डिसेंबरला, ख्रिस्ती पंचांगांत सेंट स्टीफन ह्या पहिल्या हुतात्म्याचा सण येतो. आयर्लंडांत मात्र त्या दिवशीं संतापेक्षां एका पांखराचाच गाजावाजा अधिक! 'रेन' हें त्याचें नांव. वजन जेमतेम तोळाभर. पूर्वीं मुलें व तरुण त्याला कुंपणाच्या झुडपांतून हुसकून मारीत, हॉलीच्या कांटेरी फांदीवर टांगीत, आणि पेंढ्याचे पोषाख व मुखवटे चढवून ढोल-बासऱ्यांच्या गजरांत घरोघर हिंडत. पक्ष्याच्या मूठमातीसाठीं म्हणून पैसे मागावयाचे आणि रात्रीं त्यांतून नाचगाणें व खाणेंपिणें साजरें करावयाचें, असा हा प्रकार.

ह्या जिवाचा अपराध तरी कोणता? एक कथा सांगते कीं, झुडपांत लपलेला स्टीफन ह्याच्याच कलकलाटामुळें पकडला गेला. दुसरी कथा इतिहासाच्या अभ्यासकानें अधिक लक्षांत घ्यावी अशी आहे. निजलेल्या शत्रूवर आयरिश लोक चालून जात असतां हा पक्षी नगाऱ्यावर चोंच मारूं लागला. शत्रु जागा झाला आणि आयरिशांचा बेत फसला. मात्र हा शत्रु कोण, ह्याविषयीं एकवाक्यता नाहीं. कोणी डेन लोकांचें नांव घेतात, कोणी त्यांच्यानंतर कित्येक शतकांनीं, १६४९ सालीं, आयर्लंडांत उतरलेल्या क्रॉमवेलच्या सैन्याचें. जॉन ऑब्रे ह्या इंग्रज लेखकाच्या १६९६ सालच्या ग्रंथांत जागे होणारे लोक नुसते 'प्रॉटेस्टंट' आहेत.

इतक्या शतकांतून उडत आलेला साक्षीदार कोणत्याही न्यायासनापुढें टिकणार नाहीं, हें उघड आहे. तरीपण कथा खोटी म्हणून टाकून देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. एखादी लढाई कशी झाली हें ती सांगत नसेल. परंतु वारंवार पराभव सोसणारा समाज तो पराभव मनांत कसा सांठवितो, हें ती नेमकें सांगते. शत्रु बदलत गेला, फितूर तोच राहिला. आपलें बळ किंवा आपली एकी कमी पडली असें म्हणण्यापेक्षां कोणी घात केला असें म्हणणें मनाला सोपें जातें. आणि तो आरोप बहुधा दुबळ्याच्याच माथीं बसतो. गंमत अशी कीं, लोककथांत हाच पक्षी गरुडाच्या पिसांत दडून त्याच्याहून उंच उडाला व पक्ष्यांचा राजा ठरला!

केरी परगण्यांतील डिंगल गांवीं ही मिरवणूक अद्याप निघते, पण खरा पक्षी आतां कोणी मारीत नाहीं. पांखरूं सुटलें, हें चांगलेंच झालें. फितुराची गरज मात्र कोणत्या पराभूत समाजाची सुटली आहे?